किटकारच्या शॉकअपचा रिकॉल आलाय. गावात बसून काय काय करता येईल?

संत्रावाला (वरूड)

मंडळी, नमस्कार. एरवी मी ट्रॅक्टरच्या धाग्यांवर असतो, हा धागा मात्र वेगळ्या गाडीचा आहे.

दीड वर्षाखाली एका लहान कंपनीकडून बग्गीचं किट घेतलं होतं. पाइपची तयार फ्रेम, पुढचे-मागचे विशबोन (चाक फ्रेमला धरून ठेवणारे दांडे), स्टिअरिंग रॅक, चार कॉइलओव्हर (वरून स्प्रिंग चढवलेले) शॉकअप आणि नट-बोल्टच्या पिशव्या. इंजिन आपलं आपण आणायचं. मी भंगारात निघालेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं आणि मागे बसवलं. गाडीला पासिंग नाही, रस्त्यावर नेत नाही. बागेतच चालते. ठिबकच्या लाइनी पाहायला, रात्री मोटर बंद करायला, तोडणीच्या वेळेस क्रेट धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आणायला.

आता किट कंपनीचा मेल आलाय. काही शॉकअपच्या खालच्या कडीचं, म्हणजे जिच्यात बुश बसतं त्या कडीचं, वेल्डिंग कमी पडलंय म्हणे. लोड येऊन कडी सुटू शकते, गाडी वापरणं ताबडतोब थांबवा, लॉट नंबर जुळला तर शॉकअप काढून पाठवा, बदलून देऊ. माझे तीन जुळतात. चौथ्यावरचा नंबर दगड-माती लागून घासून गेलाय, वाचताच येत नाही.

किट कंपनीला फोन केला तर, "शॉकअप आम्ही बनवत नाही, त्यांच्याशी बोला." शॉकअपवाल्यांना केला तर, "आमचा व्यवहार किट कंपनीशी, अन् फिटिंग तर तुम्हीच केलंय ना?" गाडी जोडणारा मीच, त्यामुळे सर्व्हिस सेंटर म्हणजेही मीच. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी तोंडावर आहे. कोणी अशातून गेलं असेल तर सांगा.

काळी_माती (दर्यापूर)

तेवढ्या पैशात जुना ट्रॅक्टर आला असता बाप्पा. त्याच्या मागच्या चाकाले शॉकअपच नसते, रिकॉल कायचा येते!

विठू_मिस्त्री (मोर्शी)

काळीमातीभाऊ, सीटखाली एक असते. ते गेलं की कंबर सांगते.

संत्रावाले भाऊ, इतल्या दूर पाठवाले कायले पाह्यजे? कडीचंच वेल्डिंग आहे न? शॉकअप खोल, माह्याकडं घेऊन ये. ग्राइंडरनं साफ करतो, चारही बाजूनं टाका मारतो. ट्रॉलीचे हूक मी असेच करतो, दहा-दहा टन ओढून राह्यले. कंपनीवाले येवढंसं वेल्डिंग मारते अन् मंग मेल पाठवते.

नागपुरी_नट (नागपूर)

विठूभाऊ, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे काम करू नका. संत्रावाले, तुम्हीही करू देऊ नका.

मी कॉलेजात बाहा स्पर्धेच्या टीममध्ये होतो, अशाच बग्ग्या बनवल्या आहेत. कॉइलओव्हर बहुतेक मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे असतात. आत तेल आणि त्यामागे दाबून भरलेला नायट्रोजन. दाब साधारण १० ते २० बार. कारच्या टायरात दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. खालची कडी थेट त्या नळीच्या बुडाला जोडलेली असते. तिथे वेल्डिंगचा ताप दिला की तेल उकळतं, गॅस फुगतो, सील जळतं. नशीब असेल तर शॉकअप नुसता निकामी होतो. नसेल तर नळी फुटून बूड गोळीसारखं सुटतं, आणि वेल्डिंग करणाऱ्याचं तोंड नेमकं समोर असतं.

ट्रॉलीचा हूक भरीव लोखंड आहे. त्यात गॅस नाही.

आणि कोणी "आधी भोक पाडून गॅस सोडून देऊ" म्हणेल, तर तेही नको. ड्रिलच्या तोंडाशी तेलाची चिळकांडी उडते ती डोळ्यात जाते. शिवाय भोक पाडलेला शॉकअप कंपनी परत घेणार नाही, त्यात तिची चूकही नाही.

विठू_मिस्त्री (मोर्शी)

हे गॅसचं आपल्याले मालूम नव्हतं असं नाई. पण माह्यावाल्या गाड्याइले तेलाचेच शॉकअप राह्यते, बोलेरो, कमांडर. बरं, राहू दे. टाका नाई मारत.

पण मले सांग, तडा गेला का नाई गेला हे तं पाह्यता येते न इथंच? डिझेल लाव कडीच्या जोडाले, चांगलं मुरू दे. मंग कोरड्या फडक्यानं पुस, एकदम खडखडीत. त्याच्यावर खडूची भुकटी चोळ. तडा असन तं आत मुरलेलं डिझेल भुकटीत येते अन् काळी रेघ उमटते. माह्या वस्तादानं बैलगाडीच्या आसाले केलेलं मी पाह्यलं आहे. तवा घासलेट होतं.

पुणेरी_पाना (पुणे)

विठू मिस्त्रींचा उपाय एकदम पक्का आहे. कारखान्यात हेच डाय पेनिट्रंट नावाने करतात. लाल रंग, मग पांढरा डेव्हलपर. तीन डब्यांचा सेट वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

पण संत्रावाले, त्याआधी शॉकअप काढायचेत. काढण्याची पद्धत नीट लिहितो, कारण कॉइलओव्हर पहिल्यांदा काढताना लोक इथेच बोटं घालवतात.

गाडी सपाट जागी घ्या. बागेतल्या भुसभुशीत मातीत जॅक लावू नका, जॅक खाली रुततो आणि गाडी त्याच्यावर तिरकी होते. गोदामाची फरशी असेल तर उत्तम. दोन चाकांना दगड लावून फ्रेम उचला आणि फ्रेमखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालायचा नाही. चाक खाली लोंबकळू द्या, म्हणजे शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि स्प्रिंगवरचा भार बराच उतरतो. विशबोनखाली लाकडी ठोकळा सारा, नाहीतर बोल्ट निघाल्याबरोबर चाक धपकन खाली जाईल आणि ब्रेकच्या रबरी पाइपला हिसका बसेल. मागे तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आहेत. ते फार तिरके लोंबले तर त्यांच्यावरचा रबरी बूट फाटतो.

मग खालचा बोल्ट, नंतर वरचा. बोल्ट ठोकून काढावा लागला तर तांब्या-पितळेचा ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) वापरा. स्प्रिंग काढायची गरज नाही, अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट पाठवा. आधी मात्र एक काम करा. नळीवर आटे पाडलेली कॉलर असते, ती कितव्या आट्यावर आहे त्याचा फोटो घ्या, आणि कॉलरपासून नळीच्या टोकापर्यंत मोजून लिहून ठेवा. नवीन आले की गाडीची उंची पुन्हा तीच ठेवायला हे माप लागेल. मोजलं नाही तर नंतर गाडी एका अंगाने कलते आणि महिनाभर कळतच नाही का ते.

जाता जाता एक. विलायतेत किटकारचा बाजार जुना आहे. १९५७ची लोटस सेव्हन तर कर वाचावा म्हणून लोक सुट्या भागांत घ्यायचे आणि घरी जोडायचे. १९७३मध्ये कॅटरहॅम कंपनीने तिचे हक्क घेतले, आजही विकते. पण तिथे घरी जोडलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते, मग नोंदणी होते, आणि मालक कोण ते सरकारदरबारी असतं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमाप्रमाणे उत्पादकाने प्रोटोटाइप एआरएआय, व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यायचा. एकटा माणूस घरी जोडलेली एक गाडी घेऊन तिथे काय जाणार? म्हणून सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तुमच्या बग्गीची नोंदच नाही, आणि रिकॉलची चिठ्ठी कंपनीने मनावर घेतलं तरच येते. तुम्हाला मेल आला हेच बरं म्हणा.

काळी_माती (दर्यापूर)

म्हणजे गाडी सरकारले माहीतच नाई, फक्त संत्र्याइले माहीत आहे.

संत्रावाला (वरूड)

चारही काढले. पाना सरांनी सांगितलं तसंच केलं. मागचा एक बोल्ट गंजून बसला होता, रात्रभर तेल सोडून ठेवला तेव्हा निघाला.

विठूभाऊंची डिझेल-खडू तपासणी केली. शाळेतून पांढरे खडू आणले, पाट्यावर कुटले. पुढचा डावा शॉकअप: भुकटी चोळली तेव्हा काहीच नाही. मी म्हटलं चला, वाचलो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बसलो, तर कडीच्या बुडाशी केसासारखी रेघ ओलावत गेली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पुसट होत होत संपलेली. कडीच्या घेराचा तिसरा हिस्सा तरी असेल. आमच्या लेकीने पाहिली अन् म्हणाली, "बाबा, यावर बसून आपण नदीवर गेलो होतो?"

बाकी तिघांवर रेघ नाही. नंबर घासलेल्यावरही नाही. मग तो ठेवून घेऊ का? निदान एक तरी कमी पाठवावा लागेल.

एक शंका अजून. शॉकअपवाल्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "तुमच्याकडे ऊन फार, गॅस तापून कडीवर ताण आला असेल." यात काही दम आहे का?

नागपुरी_नट (नागपूर)

रेघ नाही म्हणजे चांगला आहे असं समजू नका. ही तपासणी वर उघडा पडलेला तडा दाखवते. वेल्डिंग कमी पडलंय याचा अर्थ बहुतेक वेळा असा की धातू मुळापर्यंत वितळून जोडलाच गेला नाही, वरून मात्र टाका छान दिसतो. असा जोड आतून चिरत येतो, वर रेघ दिसते ती शेवटी. चौथ्याचा नंबर वाचता येत नाही, तर तो त्याच लॉटचा आहे असंच धरायचं. चारही पाठवा.

उन्हाचं म्हणाल तर हिशेब करू. नळीचं तापमान २५ अंशांवरून ८० अंशांवर गेलं तर गॅसचा दाब साधारण १८ टक्के वाढतो, तेल फुगल्यामुळे अजून थोडा. हा दाब नळी, सील आणि दांड्यावर येतो. खालच्या कडीला तो ओढत नाही. आणि ४५-४६ अंशांत विदर्भातल्या सगळ्या बुलेट चालतात, त्यांच्या कड्या कुठे गळून पडतात? हे कारण त्यांच्याकडून लिहून मागा. लिहून देणार नाहीत.

कडीवर खरा ताण कुठून येतो ते सांगतो. तुमच्या गाडीत शॉकअप चाकाजवळ नाही, विशबोनच्या मध्यावर कुठेतरी बसतो. चाक १०० मिमी वर गेलं तर शॉकअप समजा ६० मिमी दबतो. हे प्रमाण ०.६ झालं. याचा उलटा हिशेब असा की चाकावर १५० किलो भार असेल तर शॉकअपवर १५० भागिले ०.६, म्हणजे २५० किलो येतो. हा उभ्या गाडीचा. धुऱ्यावरून चाक आदळलं आणि भार क्षणभर तिप्पट झाला, तर साडेसातशे किलो. तो सगळा त्या एका कडीच्या टाक्यावर, आणि उन्हाळ्यात ढेकळांवरून जाताना हे असं मिनिटाला कितीतरी वेळा. धातू एका झटक्याने तुटत नाही, असा शिणून तुटतो. म्हणून कालपर्यंत व्यवस्थित चाललेली गाडी उद्याही चालेल याची काही खात्री नसते.

एक काम करा, शॉकअप जिथे बसतो त्या ब्रॅकेटांचे फोटो टाका. चारही.

संत्रावाला (वरूड)

टाकलेत. मागच्या खालच्या ब्रॅकेटला एकच पत्रा आहे, बोल्ट एका बाजूनेच धरलाय. पुढे दोन पत्र्यांच्या मध्ये कडी बसते.

नागपुरी_नट (नागपूर)

हेच पाहायचं होतं. मागे बोल्ट एकाच पत्र्यात अडकलेला आहे, त्यामुळे भार आला की बोल्ट वाकायला पाहतो आणि कडीलाही पिरगाळतो. ही रचना कमकुवतच. पण गंमत पाहा, तडा गेलाय पुढच्या शॉकअपला, जिथे ब्रॅकेट दोन पत्र्यांचं आणि बरोबर आहे. म्हणजे निदान तिथे तरी दोष टाक्याचाच.

आता महत्त्वाचा प्रश्न. हे ब्रॅकेट फ्रेमला कोणी लावले? तुम्ही की कंपनीने?

संत्रावाला (वरूड)

फ्रेम ब्रॅकेटसकट पावडर कोटिंग करूनच आली होती. मी फक्त बोल्ट घातले, त्यांच्या पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे.

वकीलीण (यवतमाळ)

मग "फिटिंग तुम्ही केलंय" हा मुद्दा इथेच संपतो. सविस्तर लिहिते, जरा लांबेल.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग ज्या ज्या गाड्यांत बसला त्या सगळ्या, मेक-मॉडेल काहीही असो. यासाठीचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. वाचायला झकास. पण तुमच्या बिनपासिंगच्या बागेतल्या गाडीसाठी हा रस्ता धरला तर ती ‘मोटार वाहन’ आहे का इथूनच वाद सुरू होईल. आणि तो वाद तुम्ही स्वतःहून उकरून काढावा असं मी सांगणार नाही. तुम्ही गाडी रस्त्यावर नेत नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, ते तसंच राहू द्या. नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी म्हणजे थेट ३९व्या कलमाचा भंग. बागेतून बागेत जाताना मधला पांदण रस्ता लागत असेल तर तोही सार्वजनिकच, कारण तिथे लोकांना जायचा हक्क आहे.

तुमचा खरा रस्ता म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्यात उत्पादक कोण याची व्याख्या बरीच रुंद आहे. वस्तू बनवणारा तर झालाच, दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा आणि दुसऱ्याच्या मालावर स्वतःची खूण लावून विकणाराही उत्पादकच. तेव्हा शॉकअपवर स्टिकर कोणाचा आहे ते पाहून सांगा.

शॉकअपवाले एक बचाव घेतील. आम्ही सुटा भाग विकला, सूचना खरेदीदाराला दिल्या होत्या, नुकसान अंतिम वस्तूमुळे झालं. अशी तरतूद खरंच कायद्यात आहे. पण ती उत्पाद दायित्वाच्या दाव्यासाठी, म्हणजे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर. तुम्हाला देवाच्या कृपेने काही झालेलं नाही. त्या प्रकरणातल्या ‘हानी’मध्ये खुद्द सदोष वस्तूचं नुकसान धरतच नाहीत. तुमची तक्रार साधी आहे: माल सदोष निघाला, बदलून द्या, जाण्या-येण्याचा खर्च द्या. ती किट विकणाऱ्यावर होते, बिल त्याचं आहे.

"शेतीसाठी वापरता म्हणजे व्यापारी वापर" असंही कोणी म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेला वापर त्यात येत नाही.

आता करायचं काय. आधी दोघांनाही एकाच मेलवर लेखी कळवा, फोन पुरे झाले. बिल, रिकॉलचा मेल, लॉट नंबरचे फोटो, तड्याचा फोटो जोडा. पंधरा दिवसांची मुदत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मेलमध्ये टाका, बऱ्याच कंपन्या एवढ्यावरच हलतात. नाही हलल्या तर अमरावतीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे दाखल होते, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

आणि त्याच लॉटचे अजून लोक सापडले तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जा. धोकादायक वस्तू परत बोलवायचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे, त्यासाठी गाडीला नंबरप्लेट लागत नाही.

संत्रावाला (वरूड)

ताई, स्टिकर किट कंपनीचा आहे! मोठ्ठा, नारंगी. शॉकअपवाल्यांचं नाव फक्त नळीच्या बुडाशी बारीक अक्षरात कोरलंय.

वकीलीण (यवतमाळ)

मग त्या स्टिकरचा फोटो सगळ्यात आधी जोडा.

विठू_मिस्त्री (मोर्शी)

वकीलताई, माह्याही एका पंपाचं प्रकरण आहे, पण ते दुसऱ्या धाग्यावर ईचारतो.

धागापाल

आभार विठूभाऊ. इथे शॉकअपच राहू द्या.

संत्रावाला (वरूड)

मेल पाठवला, १९१५चा क्रमांकही टाकला. किट कंपनीचं उत्तर आलं, भाषा एकदम मऊ. चारही पाठवा, नंबर घासलेलाही चालेल, येण्या-जाण्याचा खर्च आमचा.

आता नवीन भानगड. कुरिअरवाला घेत नाही. "आत काय आहे" म्हणाला, मी खरं ते सांगितलं, गॅस म्हटल्याबरोबर त्याने खोका परत माझ्याकडे सरकवला.

पुणेरी_पाना (पुणे)

तो बरोबर आहे. दाबाखालचा गॅस असलेल्या वस्तू विमान वाहतुकीत यूएन ३१६४ या क्रमांकाखाली धोकादायक मालात येतात. आणि आपला माल विमानात चढणार की ट्रकमध्ये हे त्याच्या हातात नसतं. ‘लोखंडी सामान’ लिहून गुपचूप पाठवू नका, वाटेत काही झालं तर सगळं तुमच्या गळ्यात. रस्त्याने जाणाऱ्या ट्रान्सपोर्टला द्या आणि पावतीवर ‘वापरलेले शॉक अॅब्सॉर्बर’ असं स्पष्ट लिहायला लावा.

नागपुरी_नट (नागपूर)

अमरावतीला ट्रान्सपोर्ट नगरात देऊन या. खोक्यात टाकू नका, फाटेल. संत्र्याच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये प्रत्येकाला पोत्यात गुंडाळून ठेवा, दांडा वर येईल असा, मध्ये सुतळीने बांधा. तडा गेलेल्या कडीला धक्का लागू देऊ नका. ती तशीच्या तशी पोहोचली पाहिजे, पुरावा आहे.

वकीलीण (यवतमाळ)

बांधताना व्हिडिओ काढा, पावती सांभाळा, आणि पोहोचल्यावर "मिळाले" एवढं लेखी घ्या.

काळी_माती (दर्यापूर)

रिकामी क्रेट वापस मागजा. आजकाल त्याचेच पैसे जास्त पडते.

संत्रावाला (वरूड)

नवीन शॉकअप आले! तोडणी अर्धी ट्रॅक्टरवर काढली, काळीमाती भाऊंना आनंद झाला असेल.

आता पाहा. नवीन कडी वेल्डिंगची नाहीच, नळीच्या बुडासकट एकसंध घडीव आहे, आट्यांवर बसवलेली. दिसायला दणकट. पण मोजून पाहिलं तर पूर्ण दबलेल्या अवस्थेतली लांबी जुन्यापेक्षा ८ मिमी जास्त आहे. सोबतच्या कागदावर "थेट बसतात" एवढंच लिहिलंय. लावू का?

नागपुरी_नट (नागपूर)

थांबा! रिकॉलमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नवीन भाग आला की माणूस सुटल्यासारखा बोल्ट आवळायला लागतो.

८ मिमी शॉकअपवर म्हणजे ०.६च्या हिशेबाने चाकावर तेरा मिमीच्या वर. तेवढा चाकाचा वरचा प्रवास कमी झाला. चाक पूर्ण वर जाताना फ्रेमवरचा रबरी बम्पस्टॉप (चाक अडवणारा ठोकळा) आधी लागायला हवा आणि शॉकअप त्यानंतरही थोडा उरायला हवा. उलटं झालं, शॉकअप आधी बुडाला टेकला, तर प्रत्येक धुऱ्यावर सगळा धक्का आतल्या पिस्टनवर आणि त्या नव्या कडीवर. मग ती घडीव असली तरी काय उपयोग?

तपासायची रीत अशी. नव्या शॉकअपची कॉलर पूर्ण सैल करा, स्प्रिंगवरचा ताण गेला की वरची टोपी काढून स्प्रिंग बाहेर घ्या. कॉलर सैल करूनही स्प्रिंग ताणातच असेल तर कॉम्प्रेसरशिवाय हात लावू नका. नुसता शॉकअप गाडीला लावा. गॅसमुळे तो जोर करेल, म्हणून चाकाखाली जॅक लावून हळूहळू वर घ्या. बम्पस्टॉप लागला की थांबा आणि शॉकअपचा किती दांडा उघडा राहिला ते मोजा. किमान पाच-सात मिमी तरी हवा. मागे-पुढे दोन्हीकडे, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवूनही पाहा, शॉकअप कुठे विशबोनला घासतो का ते.

संत्रावाला (वरूड)

केलं. पुढे ११ मिमी उरतो, ठीक. मागे बम्पस्टॉप लागायच्या आधीच शॉकअप बुडाला टेकतो. दोन्ही बाजूंना. फोटो आणि मापं कंपनीला पाठवली. संध्याकाळी त्यांच्या इंजिनिअरचाच फोन आला. म्हणाला, मागच्यासाठी जाड बम्पस्टॉप आणि बोल्टच्या दुसऱ्या बाजूने धरणारा पत्रा असं किट पाठवतो. बाकी ग्राहकांनाही आता पाठवावं लागेल म्हणाला, जरा पडक्या आवाजात.

नागपुरी_नट (नागपूर)

वा! म्हणजे मागचं एकेरी ब्रॅकेटही सुधारलं. तो पत्रा वेल्डिंगचा आहे की बोल्टचा?

संत्रावाला (वरूड)

बोल्टचा. विठूभाऊ नाराज होतील.

विठू_मिस्त्री (मोर्शी)

नाराज कायले होऊ. बोल्टचं काम बी आपलंच आहे.

संत्रावाला (वरूड)

सगळं बसलं. मागे आता बम्पस्टॉप आधी लागतो, शॉकअप ६ मिमी उरतो. उंची जुन्या मापावर आणली. नवीन नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरले, जुने फेकले. प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून पिवळ्या पेंटची एक सरळ रेघ मारली, पाना सरांनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सुचवलं होतं. गाडी रिकामी, मग क्रेट भरून बागेत फिरवली आणि पुन्हा पाहिलं. सात नटांवर रेघ जिथल्या तिथे. मागच्या डाव्या खालच्या नटावर रेघ तुटलीय, नट किंचित फिरलाय.

माझा टॉर्क पाना स्वस्तातला आहे, त्यावर भरवसा नाही. पुस्तिकेत एम-१२, ८.८ ग्रेडच्या बोल्टला ८० न्यूटन-मीटर दिलंय. वरूड-मोर्शीकडे कोणाकडे तपासून घेतलेला पाना आहे का?

पुणेरी_पाना (पुणे)

तो नट पुन्हा आवळण्याआधी काढून नवीन पत्र्याखाली पाहा. पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तो दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. वायसर बसतो तेवढ्या जागेचा रंग खरवडून काढा, मग आवळा.

विठू_मिस्त्री (मोर्शी)

आपल्याकडं आहे न पाना. औंदाच नागपूरहून चेक करून आणला. बग्गी रस्त्यानं आणू नको बाप्पा, वकीलताई पाहून राह्यल्या. मीच येतो पाना घेऊन, रविवारी. अन् जुना बम्पस्टॉप फेकू नको, ट्रॉलीच्या फाळक्याले लावतो.